हौसाच्या बोटाचे गुण

कोनगावात हौसा भोईरला हळदीच्या जेवणाचं आमंत्रण वेगळं येतं आणि उकडीचं वेगळं. पहिलं पत्रिकेवर छापलेलं असतं. दुसरं आदल्या दिवशी कोणीतरी दारातूनच ओरडून देतं, "हौसाबाय, उद्या उकडीला ये गो!" आतून हौसा म्हणते, "हाय, हाय." झालं आमंत्रण.

हळदीच्या दिवशी मांडवामागे बायकांची रांग बसते. तीन-चारशे माणसांच्या तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या असतात. रांगेत कोणीही बसावं, पण उकडीला एकच बाई लागते. उकळत्या पाण्यात पीठ घालायचं, झाकण ठेवायचं, मग सगळा गोळा परातीत ओतून गरम असतानाच मळायला द्यायचा. निवला की भाकरीला चिरा पडतात. फार गरम दिला तर बायकांचे हात भाजतात आणि त्या दिवसभर ते बोलून दाखवतात. हौसा उजव्या हाताची तर्जनी उकडीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायची, क्षणभर थांबायची आणि सांगायची, "घ्या." बावीस वर्षं हे तिचं काम होतं.

तिला हे करायची गरज होती असं नाही. भोइरांची शेती कल्याण रस्त्याला लागून होती, तिच्यावर आता तीन गोदामं उभी आहेत. नवरा बाळाराम सकाळी गोदामांवरून एक चक्कर मारून येतो आणि उरलेला दिवस ओटीवर पेपर वाचतो. मुलगा धनेश कागदपत्रं बघतो. घराला खाली-वर मिळून सात खोल्या. सात खोल्यांची मालकीण दुसऱ्याच्या चुलीशी कशाला बसते, असं धनेश विचारायचा. हौसा म्हणायची, "सात खोल्या बघाला कोन येते रं? भाकरी सगले खातान."

ते बोट कापलं मार्गशीर्ष संपल्यावरच्या पहिल्या रविवारी. महिनाभर घरात मासळी शिजली नव्हती म्हणून बाळारामने खाडीवरून चार किलोचा जिताडा आणला. हौसा मोरळी घेऊन बसली. उभ्या पात्याच्या विळीला तिकडे मोरळी म्हणतात. डोकं वेगळं करताना मासा निसटला, त्याच्यामागे हात गेला आणि पातं तळहातावर, तर्जनीच्या मुळाशी बसलं. नाक्यावरच्या दवाखान्यात टाके घातले. दहा दिवसांनी निघाले. जखम भरली, बोट वाकायला लागलं, घरातले सगळे विसरले.

हौसाला मात्र कळलं होतं की बोट आहे पण बोटात कोणी नाही. ओलं-कोरडं कळत नव्हतं, पिठाचं रवाळपण कळत नव्हतं. तिनं कोणाला सांगितलं नाही. येईल आपोआप, असं धरून चालली. मग एका सकाळी तिची सून भाविका स्वयंपाकघरात आली आणि तिला कसलासा वास आला. हौसा तव्यावरची भाकरी उलटत होती. तर्जनी तव्याला टेकलेली होती आणि हौसा खिडकीतून रस्त्यावर कोण चाललंय ते बघत होती.

"आई! बोट!" भाविका किंचाळली.

"कोनाचं?" हौसानं विचारलं.

त्या आठवड्यात धनेशने गाडी काढली आणि सगळे मुंबईला एका मोठ्या सरकारी इस्पितळात गेले. तिथे हातांचा वेगळा विभाग आहे. तपासणारी डॉक्टर उन्नती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, परभणीकडची, डोळ्यांखाली काळं आलेली. तिनं हौसाचं बोट उलटसुलट करून पाहिलं.

"मावशी, तुमच्या बोटाच्या दोन्ही नसा तुटल्यात. रक्ताच्या नाही, जाणिवेच्या. तुटलेली टोकं मागं सरकलीत. मध्ये दीड सेंटिमीटरची फट पडलीय. ओढून शिवता येणार नाही."

"मग?" बाळारामने विचारलं.

मग दोन वाटा होत्या. एक जुनी: पायातली एक नस काढायची आणि ती फटीत बसवायची. हात सुधारतो, पायाची कड मात्र कायमची बधीर होते. दुसरी नवी. उन्नतीने टेबलाच्या खणातून काचेची एक कुपी काढली. आत मिरचीच्या देठाएवढी पांढरी नळी होती.

"ही अतिशय बारीक तंतूंची आहे. तुमच्या केसाचे उभे शंभर भाग केले तर त्यातल्या एकाएवढा एक तंतू. आतून सगळे तंतू एकाच दिशेनं लावलेत. नसेचं वरचं टोक यात बसवायचं, खालचंही बसवायचं. वरच्या टोकाला कोंब फुटतात, ते या तंतूंना धरून पुढे सरकतात. दिवसाला साधारण एक मिलिमीटर. नस पलीकडे पोचली की नळी शरीरातच विरघळते. विरघळणारे टाके असतात ना, त्याच जातीचं आहे हे."

"कारल्याच्या वेलाला काठी लावतान तशी," हौसा म्हणाली.

"अगदी तशी."

बाळाराम कुपीकडे बघत होता. "पन काठी कुजली तं वेल पडतो ना, डाक्टर?"

उन्नती हसली. "वेलाला वजन असतं, काका. नसेला फक्त वाट लागते."

बाळारामचं समाधान झालं नाही, पण डॉक्टरपुढे जास्त ताणायचं नाही एवढं त्याला कळत होतं.

"ही नळी नवीन आहे," उन्नती पुढे म्हणाली. "माझा हिच्यावर अभ्यास चालू आहे. तीस पेशंटांना बसवायची, वर्षभर तपासायचं आणि किती गुण येतो ते लिहायचं. या अभ्यासात तुम्ही यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. नको म्हणालात तरी तुमचा उपचार होणारच आहे."

तिने अकरा पानी माहितीपत्रक दिलं. मराठीत होतं. भाविका ते वाचायला लागली. ती तिसऱ्या पानावर असताना हौसानं शेवटच्या पानावर सही करून टाकली.

"आई, वाचू तर द्या."

"काय वाचायचं हाय? पोरीचा अभ्यास हाय, गुण लिहायचे हान. आपल्या हाताला पन बरं."

ही सही ज्या समजुतीनं झाली, ती समजूत त्या दिवशी कोणाच्याच लक्षात आली नाही. अभ्यास म्हणजे हौसाला एकच गोष्ट माहीत होती, धनेशच्या लहानपणी संध्याकाळी सातला बसायचा तो. आणि गुण म्हणजे जे त्याला कमी पडायचे ते.

फेब्रुवारीअखेर शस्त्रक्रिया झाली. तळहातात दोन नळ्या बसल्या. महिन्याभरानं पहिली तपासणी.

तपासणी साधी होती. हौसाने डोळे मिटून हात पुढे करायचा. उन्नती डाव्या हातानं तिचा पंजा धरायची आणि उजव्या हातानं बोटाच्या टोकावर नायलॉनचा एक दोरा टेकवायची, वाकेपर्यंत. विचारायची, "आता?" कळलं तर हौसाने 'हाय' म्हणायचं, नाही तर 'न्हाय'. मधूनमधून उन्नती दोरा टेकवायचीच नाही, नुसतं "आता?" विचारायची, म्हणजे कोणी उगाच हाय हाय करत असेल तर पकडलं जावं. खरोखरचे स्पर्श वीस व्हायचे, त्यांतले किती कळले ते मोजायचं. पहिल्या खेपेला वीसपैकी दोन झाले. उन्नतीने फाईलवर लिहिलं, दोन.

"पहिल्या महिन्यात एवढंच येतं," ती म्हणाली.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आत आले. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी उभ्याउभ्या फाईल पाहिली. "दोन. आणि त्या मागच्या पेशंटला तीन. उन्नती, अशा आकड्यांवर हा अभ्यास उभा राहायचा नाही. तुझ्याकडे वेळ किती उरलाय बघ," म्हणाले आणि निघून गेले.

उन्नतीचा चहा टेबलावर गार झाला होता. तो ती तसाच प्याली.

"मास्तर कडक हाय तुजा," हौसा म्हणाली.

"चांगले आहेत हो. पण त्यांना गुण दिसायला हवा."

"आनि न्हाय दिसला तं?"

"तर माझं वर्ष गेलं," उन्नती हसत म्हणाली. हौसा हसली नाही.

परत येताना गाडीत हौसा मागे बसली होती. पुढच्या सीटवर भाविका बसली होती. तिच्या अंबाड्यातली पिन निसटायला आली होती, ती हौसा बघत होती. भाविका शेलार गावची. लग्न होऊन आली तेव्हा तिचा बी. कॉम.चा एक पेपर राहिला होता. तो नेमका भावकीतल्या एका हळदीच्या दिवशी आला. रांगेत हात कमी होते. हौसा म्हणाली होती, "पेपर काय, परत येतो. हलद परत येते का?" भाविकाने त्या दिवशी एकशेदहा भाकऱ्या थापल्या. पेपर परत आला, पण तेव्हा ती आजारी होती, आणि मग फॉर्म भरायचं राहूनच गेलं. त्याबद्दल भाविका कधी काही बोलली नाही. हौसाच्या हिशेबी एका पोरीचं वर्ष तिच्या हातून गेलं होतं. दुसरीचं जाऊ द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात तिनं सुरुवात केली.

फसवायला तिला डोळे किलकिले करावे लागले नाहीत. बावीस वर्षं जी बाई रांगेतल्या बायकांच्या खांद्यांवरून कोण दमली ते ओळखत होती, तिला एका पोरीचा हात कळायला कितीसा वेळ लागणार? दोरा खरंच टेकवायचा असला की उन्नतीचा डावा अंगठा हौसाच्या पंजावर कणभर घट्ट व्हायचा. दोरा नेमका वाकेपर्यंतच टेकवायचा म्हणजे आधाराचा हात स्थिर हवा. नुसतं विचारायचं असलं की तो अंगठा सैल असायचा. बोट बधीर होतं, पंजा नव्हता.

"आता?"

"हाय."

"आता?"

"न्हाय."

सगळेच बरोबर सांगितले तर संशय येईल म्हणून हौसाने थोडे सोडले. आठ झाले. तिसऱ्या महिन्यात चौदा. सर आले, त्यांनी फाईल पाहिली आणि म्हणाले, "वा, मावशी!" हौसाच्या हाताचा फोटो काढला. उन्नतीचा चेहरा असा उजळला की हौसाने डब्यातल्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी तिथेच तिच्या पुढ्यात ठेवली.

"मावशी, चौदा म्हणजे फार छान गुण आला."

"तुजा अभ्यास चांगला हाय."

खोटं बोलणाऱ्याचं होतं तेच हौसाचं झालं. दोन महिने 'हाय' म्हणून म्हणून तिला स्वतःलाच थोडं थोडं खरं वाटायला लागलं. मोठ्या डॉक्टरने फोटो काढला म्हणजे काहीतरी असेलच.

जूनच्या सुरुवातीला तिच्या जावेच्या, आक्काच्या, मुलाची हळद होती. सगळा उन्हाळाभर उकडीला आक्काच बसत होती. हौसा मांडवामागे गेली आणि म्हणाली, "सरक. माना बसू दे."

"बोट बरं झालं?" आक्काने विचारलं.

"वीसातले चौदा हान."

आक्काला त्यातलं काही समजलं नाही, पण ती सरकली. पहिला गोळा परातीत आला. हौसाने तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत खुपसली, क्षणभर थांबली. बोटातून काहीही आलं नाही. रांगेतल्या बारा बायका हात पुढे करून बसल्या होत्या.

"घ्या," ती म्हणाली.

पहिल्या तिघींनी गोळे घेतले आणि तिघींनी एकदमच टाकले. एकीचा गोळा मातीत गेला. "हौसे, उकड हाय का इंगळ?" आक्का ओरडली. तिघी हात झटकत नळाकडे धावल्या. कोणीतरी हसलं. हौसाने बोट बाहेर काढलं तेव्हा ते लालभडक होतं, आणि ते अजून परातीत आहे की बाहेर, हेही तिला बघूनच कळलं.

रात्रीची जेवणं व्हायच्या आतच ती घरी आली. मागोमाग भाविका आली. हौसा टेबलाशी बसली होती, बोटाच्या टोकावर दोन फोड टरारले होते. भाविकाने मलम लावलं. मग खराट्याची एक हीर तोडली, टेबलावर पंचा घडी घालून ठेवला आणि त्यावर हौसाचा हात ठेवला. धरला नाही.

"डोळे मिटा."

"तू कंची डाक्टर?"

"मिटा तर."

फोड टाळून, टोकाच्या कडेला, भाविका हीर टेकवत गेली. प्रत्येक वेळी विचारलं. वीसपैकी तीन झाले.

"आई, तिकडं चौदा आणि घरी तीन?"

हौसाने हात पंच्यावरून मागे घेतला. भाविकाला राग येतो तेव्हा ती हळू बोलते. तशीच बोलली, "काय केलंत तुम्ही?"

हौसाने सांगितलं. अंगठ्याचं, कडक मास्तरचं, पोरीच्या वर्षाचं. भाविका ऐकत राहिली आणि मध्येच तिला हसू आलं, ते तिनं गिळलं.

"आई, ती शाळेत नाही. डॉक्टर होऊन चार वर्षं झालीत तिला. अभ्यास म्हणजे ती नळी चालते की नाही हे बघतेय. ते गुण तिचे नाहीत. तुमच्या बोटाचे आहेत."

"सर बोलला, टायम किती उरला बग. ती बोलली, वर्ष गेलं."

"ते काम पुरं करायच्या मुदतीचं. आणि गेलं तरी खोट्यानं भरून येतं का?" भाविका उठली, कपाटातून ती अकरा पानं घेऊन आली. "सातव्या पानावर काय लिहिलंय ऐका. चौथ्या महिन्यापर्यंत सात गुणसुद्धा आले नाहीत तर डॉक्टर पुन्हा हात उघडायचा का ते ठरवतील. पायातली नस घालायची. ती या ऑपरेशनपासून सहा महिन्यांच्या आत घातली तर उपयोग, नंतर बोट कायमचं असंच. तुम्ही चौदा सांगितलेत. म्हणजे तुमचा हात कोणी उघडणारच नव्हतं. सहा महिने असेच गेले असते."

हौसा बोटाकडे बघत राहिली. "माना कुटं माहीत, सातव्या पानावर हाय."

"मी वाचत होते. तुम्ही सही केलीत."

पानं मिटून भाविका म्हणाली, "माझ्या पेपराच्या दिवशी एवढी माया कुठं होती?"

हौसाने मान वर केली. तीन वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य घरात बोललं गेलं होतं. "न्हवती," ती म्हणाली. "तवा न्हवती."

भाविका मलमाच्या ट्यूबचं झाकण लावत राहिली. लागलेलं झाकण पुन्हा काढून पुन्हा लावलं.

चौथ्या तपासणीला हौसा खुर्चीवर बसली, पण तिनं हात पुढे केला नाही. "पोरी, मी खोटं सांगलं," म्हणाली. "दोनदा. डोले मिटून पन माना समजते तू कवा टेकवतेस ते. तुज्या हातातून समजते."

उन्नतीने पेनाचं टोपण बंद केलं. "दोन्ही वेळा?"

"आठ झाले तवा, आनि चौदा झाले तवा. दोन होते ते खरे."

"का पण, मावशी?"

"तुजा वर्ष जाईल म्हनून."

उन्नतीने फाईलची मागची पानं उलटली. "मागच्या आठवड्यात हे आकडे मी पन्नास डॉक्टरांसमोर दाखवलेत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण फाईल घेऊन ती उठली तेव्हा खुर्ची मागे भिंतीला आपटली.

सासू-सून बाहेर बाकावर तासभर बसल्या. मग सरांनी आत बोलावलं. ते हौसाशी बोललेच नाहीत, उन्नतीशी बोलले. दोन्ही नोंदींवर रेघ मारायची, कारण लिहायचं, अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवायचं. "आणि बाकीच्या एकोणतीस जणांचं काय? यांना तुझा हात कळतो, तर त्यांनाही कळत असेल. मुद्दाम नसेल, नकळत. सगळं पुन्हा तपासावं लागेल."

उन्नती खाली मान घालून उभी होती. हौसाला वाटलं होतं ओरडा आपल्याला बसेल. तो त्या पोरीला बसला, तोही आपण खरं बोलल्यावर.

"साहेब, माना दाखवू दे," ती म्हणाली.

"काय?"

"कुटं समजते ते." तिनं उन्नतीला पेशंटच्या खुर्चीत बसवलं. "डोले मिट." डाव्या हातानं तिचा पंजा धरला, उजव्या हातात दोरा घेतला. बधीर बोटातून दोरा दोनदा पडला, मग तिनं तो अंगठा आणि मधल्या बोटात धरला. "बोटाकडं बगू नको. माज्या अंगठ्याकडं ध्यान दे. आता?"

"आहे."

"आता?"

उन्नती थांबली. "नाही," म्हणाली आणि डोळे उघडले. दोरा हवेतच होता. तिनं सरांकडे पाहिलं. "सर, खरंच कळतंय."

सर खुर्ची ओढून बसले. पहिल्यांदाच ते हौसाला म्हणाले, "पुन्हा करा."

तीनदा करून झाल्यावर व्यायामाच्या खोलीतून हिरवी माती आली, पेशंट मुठीत दाबतात ती. तिचा जाड थर टेबलावर थापला, त्यात हौसाचा हात उताणा रुतवला. धरायला कोणी नाही. उन्नतीने दोरा घेतला आणि तपासणी झाली. वीसपैकी चार.

"चार," सर म्हणाले. ते उठले आणि तळहातापासून बोटाच्या दिशेनं आपल्या बोटानं टिचक्या मारत गेले. पहिलं पेर, काही नाही. मधल्या पेरावर हौसाचा अख्खा हात मातीतून उडाला.

"आई गं! शॉक लागला!"

या वेळी तिला कोणी काही विचारलेलं नव्हतं.

"नस इथवर आलीय," सर म्हणाले. "फट ओलांडली. नळीचं काम झालं. पुढे ती आपल्या जुन्या वाटेनं टोकाला जाते. पण हळू आहे. वय बावन्न, आणि दोन महिने जखम तशीच राहिली होती." त्यांनी कॅलेंडर पाहिलं. "सहा आठवडे थांबू. तेव्हा सातच्या खाली असेल तर पायातली नस काढायची. त्यापुढे नाही थांबता यायचं."

परतताना गाडीत धनेशच्या फोनवर बाळारामने विचारलं, "मंग नली चालली का न्हाय?" भाविका म्हणाली, "अजून माहीत नाही, बाबा." तो म्हणाला, "म्हंजे त्या काठी-वेलाचंच हाय."

ते सहा आठवडे हौसाला जड गेले. बोटात मुंग्या यायच्या. गार पाणी लागलं की चावल्यासारखं व्हायचं. पण हे खरंच होतंय की व्हावंसं वाटतंय, हे तिला ठरवता येत नव्हतं. स्वतःच्या 'हाय'वर तिचा भरवसा उरला नव्हता. ती भाविकाला म्हणायची, "हीर आन, बगूया." भाविका नाही म्हणायची. "तुम्हाला माझ्या हाताचीही सवय होईल." रात्री झोपताना हौसा पायाची बाहेरची कड चोळून बघायची. तिथे सगळं कळत होतं. ते द्यावं लागलं तर कसं असेल, तेही ती बघत होती.

ऑगस्टच्या मध्यावर ते पुन्हा मुंबईला गेले. उन्नतीचे डोळे पहिल्याहून खोल गेले होते. एकोणतीसांपैकी तेवीस जणांना तिनं पुन्हा बोलावून मातीत हात ठेवून तपासलं होतं. काहींचे आकडे उतरले, काहींचे राहिले. हौसाशी ती नीट बोलली, पण डबा घेतला नाही. "नंतर, मावशी. तपासणी होऊ द्या."

हात मातीत रुतला. भाविका मागे भिंतीशी उभी राहिली. हौसाने डोळे मिटले.

"आता?"

"न्हाय."

"आता?"

"न्हाय."

तिसऱ्याला काहीतरी झालं. फार दूरून कोणीतरी दार वाजवल्यासारखं. हौसाने घाई केली नाही. "हाय," म्हणाली. पुढचे दोन नाही. मग एक हाय. मग एक असा की तिला खात्री नव्हती, ती थांबली आणि म्हणाली, "न्हाय." खोलीत पंख्याचा आवाज होता, उन्नतीचा श्वास होता, पण हातात हात नव्हता. जे येईल ते बोटातूनच यायचं होतं. ज्याची खात्री आहे तेवढेच हाय ती मनात मोजत होती. चार. मग पुष्कळ 'न्हाय' गेले. पाच. परत नाही. सहा. सहावर ती अडकली. लागोपाठ तीन वेळा उन्नतीने "आता?" विचारलं आणि तीन वेळा हौसा म्हणाली, "न्हाय." एकदा जीभ हायच्या ह वर येऊन परत गेली.

"आता?"

बोटाच्या टोकात कोणीतरी तापलेली सुई घातली. हौसाने हात मातीतून ओढून घेतला आणि तोंडातून जे निघालं ते आगरी बाई खाडीवर कोळंबीच्या भावावरून भांडताना बोलते तसलं होतं. शेजारच्या पडद्यामागचा पेशंट खळखळून हसला. भाविकाने ओठ दाबले.

"सुई मारलीस?"

उन्नतीने हात पुढे केला. हातात तो नायलॉनचा दोराच होता. नवी नस स्पर्श आणि चटका यांत फार फरक करत नाही, हे तिनं नंतर समजावून सांगितलं. त्या वेळी तिनं फक्त कागदावर सातवी खूण केली आणि हौसाकडे न बघता माती पुन्हा सारखी थापली.

"हात ठेवा, मावशी. डोळे मिटा," ती म्हणाली. "अजून वीस पुरे व्हायचेत."